यार्डात नऊ तास: साखर कारखान्याच्या रांगेचं सिम्युलेशन केलं, त्याची गोष्ट

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, लिहीन लिहीन म्हणत हंगाम संपत आला. गेल्या हिवाळ्यात आमच्या सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या यार्डाचं सिम्युलेशन केलं. नाव विचारू नका. आमच्याकडं कारखान्याचं नाव निघालं की तिसऱ्या प्रतिसादाला पार्टी-पॉलिटिक्स चालू होतं आणि धागा बंद पडतो.

निमित्त चुलतकाकांचं. त्यांचा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला असतो, डबल ट्रॉली, खेपेला वीसेक टन. दिवाळीनंतर कधीही गावी जा, काका घरात नाहीत. कुठं आहेत? यार्डात. काकू एकदा वैतागून म्हणाली, "तुजं कॉम्प्युटरचं शिक्षान झालंय न्हवं? मग ह्यास्नी एक दीस जेवाय घरी आणून दाव."

ज्यांना सिम्युलेशन ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कामाची जी साखळी आहे (इथं गेट, भरलेला काटा म्हणजे भरल्या गाडीचं वजन, गव्हाण म्हणजे ऊस मिलमध्ये टाकायची जागा, रिकामा काटा म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन) ती संगणकात मांडायची आणि तिच्यातून खोट्या गाड्या सोडायच्या. मात्र कुठल्याच ठिकाणी 'वजनाला ५ मिनिटं' असा एकच आकडा धरायचा नाही. कधी ३, कधी ९, जसं खरं घडतं तसं. संगणक एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारतो: १०.०४ ला गाडी काट्यावर चढली, १०.०९ ला उतरली. मधल्या वेळेत तो बसून राहत नाही, म्हणून अख्खा हंगाम मिनिटाभरात उरकतो. मग म्हणायचं, बरं, दुसरा काटा बसवला तर? बदल करा, परत चालवा. काँक्रीट ओतायच्या आधी.

आता गणित. धरा, कारखाना दिवसाला ५००० टन गाळतो आणि तोड, म्हणजे शेतातून ऊस तोडून आणायचा हुकूम, ४८०० टनांची दिलीय. २० टनांच्या २४० खेपा, म्हणजे तासाला १० गाड्या. काट्यावर एका गाडीला ५ मिनिटं. तासातली ५० मिनिटं काटा कामात, १० मिनिटं मोकळा. मग रांग लागायचं कारणच काय? ऑफिसात मला हेच विचारलं गेलं, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'ड्रायव्हर लोक उगाच बोंबलतात' असा भाव होता.

कारण असं की गाड्या दर सहा मिनिटांला एक अशा शाळेच्या रांगेत येत नाहीत. चार एकदम येतात, मग अर्धा तास चिटपाखरू नाही. काट्याची जी मिनिटं मोकळी गेली ती डब्यात भरून ठेवता येत नाहीत. येणं आणि वजन दोन्ही पुरतं बेभरवशाचं धरलं तर रांगेच्या साध्या सूत्रानं सरासरी थांबणं निघतं २५ मिनिटं. वजन ४ मिनिटांत झालं तर ८ मिनिटं. साडेपाच लागली तर एक तास. परत वाचा. ४ ला ८, ५ ला २५, साडेपाचला ६०. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलंय.

आता माझी फजिती. पहिलं मॉडेल मी ऑफिसात बसून केलं, गेटच्या रजिस्टरवरून. लॅपटॉप म्हणाला, गाडी गेटमधून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत पावणेदोन तास. मी खूश. काकांना फोन करून सांगितलं. पलीकडं थोडा वेळ शांतता, मग, "आरं बाबा, दुपारी दोनला आलोय, आता रात्रीचं अकरा वाजत्यात. तुजा लॅपटॉप हिकडं घिऊन यी."

गेलो. शंभर पानी वही, मनगटी घड्याळ, काकांचा रग. पाचटाची शेकोटी, टपरीवरचा चहा. रात्रभरात दोन गोष्टी कळल्या. एक, रजिस्टरमधली वेळ ही आतल्या गेटवर नंबर मिळाल्याची. बाहेर रस्त्याकडंला उभ्या असलेल्या गाड्या कुठल्याच कागदावर नव्हत्या. कागदाच्या हिशेबी काका अजून आलेच नव्हते! शिवाय लिहिणारा गडी दहा-बारा गाड्या झाल्या की एकदम वेळा भरायचा: १०.००, १०.००, १०.००, १०.३०. मी त्या आकड्यांना वक्र जुळवत बसलो होतो.

दुसरी गोष्ट पहाटे चारची. पाळी बदलायची वेळ. पावणेचारला जाणाऱ्यानं आपली गोळाबेरीज मांडायला घेतली, येणारा आला, सही, चहा, प्रिंटरला शिव्या. चार पंचवीसला पुढची गाडी काट्यावर चढली. ४० मिनिटं. दुपारी १२ आणि रात्री ८ ची पाळीही नंतर बघितली, तेवढाच वेळ. दिवसाचे दोन तास गेले. कागदावर ८३ टक्के कामात असलेला काटा प्रत्यक्षात ९१ टक्क्यांवर होता, आणि वरचे आकडे वाचले असतील तर तुम्हाला कळलं असेल की हे ८ टक्के किती महागाचे.

खरं मॉडेल त्या वहीवरून झालं. त्यातून काय निघालं ते जेवून येऊन लिहितो.

कुपवाडचा_लेथवाला

जेवून या, पण लवकर. मी तोवर माझं रडगाणं गातो.

कुपवाड एमआयडीसीत आपलं छोटं मशिन शॉप. कास्टिंग येतात, आम्ही टर्निंग, ड्रिलिंग करून देतो. माल कायम व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशिनपाशी तुंबलेला. डोळ्यांना दिसत होतं ना, मग सिम्युलेशन कशाला? कर्ज काढून दुसरी व्हीएमसी घेतली. नारळ फोडला, पेढे वाटले. महिन्याभरात तुंबारा उचलून इन्स्पेक्शनच्या टेबलापाशी. तिथं एकच माणूस, उंची मोजायचं एकच हाइट गेज. गाडी भरायची वेळ तीच संध्याकाळी सातची. फरक एवढाच की आता हप्ता पण जातो.

तर तुमचा दुसरा काटा बसवला असता तर काय झालं असतं हे मला मॉडेलशिवाय सांगता येतंय.

पुण्यात_अडकलेला

कृष्णाकाठ, कुठलं सॉफ्टवेअर? आमच्या कंपनीत एनीलॉजिक आहे, पण लायसन्सची किंमत ऐकून मॅनेजर पाणी मागतो.

आडत_दुकान

सॉफ्टवेअर राहू द्या बाजूला, हे हातानं पण होतं. आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे झाले की तोलाईला पोत्यांची थप्पी लागते. आमच्या मुलीला कॉलेजात हा विषय होता. तिनं मला दिवाणखान्यात बसवून लुडोचा फासा टाकायला लावला.

पद्धत अशी. एकदा फासा टाकायचा, त्यात एक मिळवायचा. तेवढ्या मिनिटांनी पुढचा माल तोलाईला येतो. परत टाकायचा, जेवढे पडतील तेवढी मिनिटं त्याला लागतात. म्हणजे येणं सरासरी साडेचार मिनिटांनी, काम साडेतीन मिनिटांचं. आरामात व्हायला पाहिजे. आमचे पहिले सहा असे पडले. येण्यातलं अंतर ५, २, २, ७, ७, ३. काम ४, ६, २, ३, २, ५. मांडून बघा. पहिला पाचव्या मिनिटाला आला, नवव्याला मोकळा. दुसरा सातव्याला आलेला, तो दोन मिनिटं थांबला आणि पंधराव्याला सुटला. तिसरा बिचारा नवव्याला आला होता, काम फक्त दोन मिनिटांचं, पण सहा मिनिटं उभा. चौथा एक मिनिट थांबला. मग विसाव्या मिनिटापासून तेविसाव्यापर्यंत काटेवाला तंबाखू मळत बसला, कारण कोणी आलंच नाही. पाचवा आणि सहावा सरळ गेले.

चार मिनिटं तोलाईवाला रिकामा, आणि तरी तिसऱ्याला सहा मिनिटं ताटकळावं लागलं. मुलगी म्हणाली, बाबा, असे दोनशे टाका. मी म्हटलं आता एक्सेलला टाकायला सांग, मला जेवायचंय.

कृष्णाकाठ

@आडत_दुकान, हे मी लिहिलंय त्याच्यापेक्षा बरं समजावलंत. मुलीला शाबासकी सांगा.

@पुण्यात_अडकलेला, सिमपाय. पायथनची फुकट लायब्ररी आहे. काटा म्हणजे एक 'रिसोर्स', गाडी म्हणजे एक 'प्रोसेस'; गाडी काटा मागते, मिळेपर्यंत थांबते, वापरते, सोडते. यार्डाचं अख्खं मॉडेल दीडशे ओळींच्या आत बसलं. चित्रं हलताना बघायची असतील तर आरेना, एनीलॉजिक, फ्लेक्ससिम. हलतं चित्र फालतू नाही बरं का. साहेब लोकांनी आलेखाकडं ढुंकूनही बघितलं नाही, पण पडद्यावर छोटे ट्रॅक्टर साचताना बघितले आणि खुर्च्या पुढं ओढल्या. फुकटात हवं असेल तर जामसिम बघा.

आता निकाल. कुपवाडकर, तुम्ही बरोबर. मॉडेलमध्ये दुसरा काटा बसवला आणि रांग काट्यावरून उचलून गव्हाणीपुढं जाऊन बसली. कारण सरळ आहे. ५००० टनांच्या कारखान्याला ४८०० टनांची तोड म्हणजे गव्हाण ९६ टक्के कामात. काटा ९१ ला होता म्हणून आम्ही काट्याकडं बघत बसलो. खरी चिंचोळी जागा पुढंच होती.

पण खरा दणका बसला तो बंदचा खेळ खेळून बघितल्यावर. मिलमध्ये काहीतरी तुटलं, ६ तास गाळप बंद. तोड चालूच, कारण ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांना कळवायला कोण नाही. ६ तासांत १२०० टन माल यार्डात येऊन पडला. मिल चालू झाली. आता हा साठा किती दिवसांत निवळेल? दिवसाची फुरसत ५००० वजा ४८०० म्हणजे २०० टन. १२०० भागिले २००. सहा दिवस. सहा तासांचं दुखणं सहा दिवस अंगावर. आणि हंगामात आठवड्यातून एकदा असा छोटामोठा बंद होतोच, म्हणजे यार्ड कधी निवळतच नाही. ड्रायव्हर म्हणतात 'रोजच गर्दी असते', ते खोटं नाही. रोजची गर्दी ही मागच्या मंगळवारची असते.

हे करायला सिम्युलेशन लागत नाही, पाटी-पेन्सिल पुरते, हे मला मान्य. पण पाटी-पेन्सिल घेऊन हा प्रश्न विचारायचं सुचलं ते मॉडेलशी खेळताना.

गणितमास्तर

चांगला धागा. दोन दुरुस्त्या, राग नसावा.

१. तुमचे ८, २५, ६० हे आकडे वजनाचा वेळही पूर्ण बेभरवशाचा धरून आलेत. खऱ्या काट्यावर वेळ इतका वरखाली होत नाही. वजनाला दर वेळी नेमकी ५ मिनिटंच लागली तर थांबणं निम्म्यावर येतं, २५ ऐवजी साडेबारा. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठंतरी. पण ९० टक्क्यांच्या पुढं कडा तुटल्यासारखा चढतो हे दोन्हीकडं खरं.

२. मॉडेल सुरू होतं तेव्हा यार्ड रिकामं असतं. खरं यार्ड मोळी टाकल्याच्या (हंगामाचं गाळप सुरू झाल्याच्या) दिवसानंतर रिकामं कधीच नसतं. सुरुवातीचे काही दिवस हिशेबातून गाळले का? आणि एकदाच चालवलं की तीस वेळा? एका वेळच्या निकालावर विश्वास ठेवणं म्हणजे एकदा फासा टाकून 'लुडोत नेहमी पाचच पडतात' म्हणणं.

थोडा इतिहास, राहवत नाही म्हणून. या गणिताची सुरुवात डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत. किती लायनी टाकल्या म्हणजे लोकांना ताटकळावं लागणार नाही, हा प्रश्न एर्लांग नावाच्या गणितज्ञानं घेतला, त्याचा पहिला लेख १९०९ चा. आणि फासे टाकून उत्तर काढायची युक्ती १९४६ मध्ये स्टॅनिस्लाव उलामला आजारपणात पडल्या पडल्या पत्त्यांचा पेशन्स खेळताना सुचली. डाव सुटायची शक्यता सूत्रानं काढण्यापेक्षा शंभर डाव मांडून किती सुटले ते मोजणं सोपं, असा विचार. पुढं त्याला कॅसिनोवरून माँटे कार्लो नाव पडलं. आडत_दुकान यांच्या दिवाणखान्यात काय चाललं होतं ते त्यांना आता कळलं असेल.

आणि तुमच्या काकांच्या कामाचं एक सूत्र: आत असलेल्या गाड्या भागिले तासाला सुटणाऱ्या गाड्या बरोबर थांबायचे तास. लिटलचा नियम म्हणतात, १९६१ मध्ये सिद्ध झाला. गाड्या शिस्तीत येवोत नाहीतर झुंडीनं, सरासरीला हे लागू पडतं. पुढं ६० गाड्या आणि तासाला १० सुटतात, तर सहा तास. ट्रॅक्टरवर बसून तोंडी होतं.

कृष्णाकाठ

मास्तर, राग कसला. पहिले १० दिवस गाळले होते आणि ५० वेळा चालवलं. पहिल्या आवृत्तीत मात्र दोन्ही केलं नव्हतं, हे कबूल.

लिटलचा नियम काकांना शिकवला. आता ते यार्डात शिरले की आधी पुढच्या गाड्या मोजतात आणि मग ठरवतात, चहा की झोप.

शेतीखातं_निवृत्त

तरुण मंडळींचं कौतुक आहे. मी कारखान्याच्या शेती खात्यात आयुष्य काढलं, म्हणून दुसरी बाजू सांगतो. कुणी मनाला लावून घेऊ नये.

तुम्ही रांगेला दुखणं म्हणताय. आमच्यासाठी ती रांग म्हणजे औषध होतं. यार्डात सहा-सात तासांचा ऊस उभा दिसल्याशिवाय मला झोप लागत नसे. गव्हाण मोकळी पडली, रजिस्टरला 'नो केन' (ऊस नाही म्हणून मिल बंद) लागलं, की सकाळी पहिला फोन शेती अधिकाऱ्याला. मिल थांबली तरी बॉयलर लगेच थांबत नाही, वाफ वाया, परत सगळं जागेवर आणायला वेळ. त्या अर्ध्या तासाचा जाब मला द्यावा लागे. ट्रॅक्टरवाला नऊ तास थांबला याचा जाब मला उभ्या नोकरीत कुणी विचारला नाही. मग मी तोड कुठल्या बाजूला झुकवून देणार? तुम्हीच सांगा.

तोड थांबवायचं म्हणता, तर तेही सोपं नाही. टोळीला पैसे टनावर. बसून राहिली तर तिला कोण पोसणार? बीडाकडून आलेली माणसं, पालात पोरंबाळं, मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) डोक्यावर. 'उद्या तोडू नका' हा निरोप त्यांच्या लेखी 'उद्या खाऊ नका' असा असतो. चिटबॉयनं (कारखान्याचा फडावरचा माणूस) सांगितलं तरी ते फड धरतातच.

ट्रॉलीवाला_पोरगा

आबा बराबर बोलले. न्हवं, आमाला कोन इचारनार. पर योक सांगतो, शेतकरी वरडत्यात की डायव्हर एंट्री, म्हंजी खेपेला वरचं पैसं, मागतो. मागतोच. खेप झाली तर पैसं, यार्डात हुबा ऱ्हायलो तर डिझेल न्हाई जळत पर दीस जळतो. दिसाला दोन खेपा झाल्या तर एंट्री कशाला मागू? दोन दिसाला एक व्हती म्हून मागतो. त्ये तुमच्या कॉम्प्युटरात हाय का?

कृष्णाकाठ

@ट्रॉलीवाला_पोरगा, भावा, नव्हतं. आणि आबांचा आणि तुझा प्रतिसाद एकाखाली एक वाचून मी दहा मिनिटं नुसता बसून राहिलो.

माझ्या मॉडेलात शेवटी एक आकडा काढायचा होता, 'एकूण खर्च'. कारखान्यानं मला मिल थांबल्याचा ताशी खर्च दिला. ट्रॅक्टरच्या तासाचा खर्च विचारला तर म्हणाले, तो आपला नाही, वाहतूकदाराला टनावर देतो, शून्य धरा. शून्य धरून चालवलं. मॉडेल इमानदारीनं म्हणालं: यार्ड जेवढं भरेल तेवढं भरा, रस्त्यापर्यंत रांग लावा, काही हरकत नाही. गणित बरोबर होतं! आबांना झोप लागावी म्हणून जो साठा ठेवायचा तो काकांच्या तासांत ठेवला जात होता, आणि ते तास फुकट होते.

मग मी तिथं शून्याऐवजी ड्रायव्हरच्या दिवसाचा रोज आणि ट्रॅक्टरच्या हप्त्याचा वाटा घातला. शिवाय तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वजन घटतं, हा शेतकऱ्याचा तोटा. साखर उतरते, म्हणजे कारखान्याचा उतारा (टनामागं मिळणारी साखर) घटतो. हे दोन्ही घातल्यावर उत्तर एकदम बदललं. सहा-सात तासांचा साठा नको, तीन-साडेतीन तासांचा पुरे. तेवढ्यात 'नो केन' फारसं वाढत नाही. मॉडेल तेच, रात्रीच्या वहीतले आकडे तेच. फक्त कुणाचं ताटकळणं हिशेबात धरायचं एवढं बदललं. पुढं कुणी असलं काम घेतलं तर पायथनच्या आधी ही यादी करा: कोण कोण थांबतंय, आणि त्यातल्या कुणाच्या थांबण्याला तुम्ही शून्य लावलंय.

उतारा बघितल्यावर साहेब जरा हलले, हे पण सांगतो. काकांच्या तासांनी हलले नाहीत.

मिरजकरीण

हे अगदी आमच्या ओपीडीसारखं. मी मिरजेत एका दवाखान्यात रिसेप्शनला होते. सगळ्या पेशंटना दहाची वेळ द्यायची असा दंडक. डॉक्टर राउंड संपवून अकराला. का, तर डॉक्टरांचं मिनिट वाया जाता कामा नये. जत-आटपाडीकडून पहाटेच्या एसटीनं आलेली म्हातारी दोनला डॉक्टरांसमोर. तिच्या तासाला शून्यच लावलेला, फक्त कुणी तसं बोलून दाखवलं नव्हतं.

गणितमास्तर

@मिरजकरीण, ताई, तुमचा प्रश्न ७० वर्षांहून जुना आहे. नॉर्मन बेली नावाच्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं १९५२ मध्ये नेमका हाच खेळ मांडला होता. त्याचा तोडगा: सुरुवातीला दोन पेशंट बोलवा, म्हणजे एक जण उशिरा आला तरी डॉक्टर रिकामा बसत नाही, आणि मग प्रत्येक तपासणीला सरासरी लागतो तेवढ्या अंतरानं एकेक. डॉक्टरांचा वेळ जवळपास वाया जात नाही, आणि पेशंटचा खोळंबा कितीतरी कमी. पण डॉक्टर वेळेवर आले तर, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

मिरजकरीण

मग झालंच. 😀

पुण्यात_अडकलेला

एक शंका. हे सगळं नेहमीच्या दिवसांचं झालं. २०१९ चा पूर आठवतोय ना? तेव्हाच्या आकड्यांवरून मॉडेल करणार की ते वगळणार?

आडत_दुकान

पुराचा विषय निघालाच आहे तर. आमच्या आजोबांच्या वेळचा साठा म्हणजे सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, वर तोंड लिंपून बंद. वर्षानुवर्षं हळद सुखरूप, कीड नाही, रंग टिकून. बाजार पडला की पेवात, चढला की बाहेर. तुमच्या भाषेत बफर. पिढ्यांच्या अनुभवावरून बसवलेलं गणित होतं ते, फासे न टाकता. आणि २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं. मागच्या पन्नास वर्षांचा डेटा घेऊन बसला असतात तरी तुमच्या संगणकानं पेव सुरक्षित आहे असंच सांगितलं असतं.

कृष्णाकाठ

हे खरंय आणि याला माझ्याकडं गोंडस उत्तर नाही. मी पूर वगळला. पण जे घडलंच नाही ते मुद्दाम घडवून बघता येतं, हा या प्रकाराचा एक फायदा आहे. सहा तासांऐवजी तीन दिवस बंद टाकून बघितलं: २०० टनांच्या फुरसतीनं तो साठा ७२ दिवसांत निवळतो. म्हणजे निवळतच नाही, हंगाम संपतो. तेव्हा तोड कमी करणं हाच इलाज, वाट बघून भागत नाही. पूर कधी येईल हे मॉडेल सांगणार नाही. आल्यावर कुठली दोरी आधी ओढायची ते सांगेल.

कुपवाडचा_लेथवाला

सगळं ठीक. शेवटी केलं काय? आणि फरक पडला का? एवढं सांगा, मला शॉपवर जायचंय.

कृष्णाकाठ

तीन गोष्टी केल्या. दुसरा काटा नाही बसवला.

काट्यावर पाळी बदलताना येणारा माणूस १५ मिनिटं आधी, आणि गोळाबेरीज बाजूच्या टेबलावर. खर्च एक टेबल. दुसरं, मिल दोन तासांपेक्षा जास्त बंद राहणार असं दिसलं की गट ऑफिसांना व्हॉट्सअॅपवर निरोप, आणि दुसऱ्या दिवशीची तोड तेवढी कमी. आबांनी म्हटलं तेच झालं, टोळ्यांनी पहिल्यांदा निरोप धुडकावला. मग निरोपाबरोबर 'त्या दिवशी याच फडाची बांधणी करा, उद्या पहिला नंबर तुमचा' असं जोडल्यावर काही टोळ्यांनी ऐकलं, काहींनी अजूनही नाही. तिसरी, लांबच्या गावांची तोड पहाटे आणि जवळच्यांची उशिरा, म्हणजे संध्याकाळी सगळ्या गाड्या एकदम गेटवर येऊन आदळत नाहीत. ही अर्धीमुर्धीच लागू झाली. जवळच्या गावांत संचालक राहतात. पुढं लिहीत नाही, धाग्याची सुरुवात आठवा.

फरक: काकांच्या वहीप्रमाणं नोव्हेंबरात एका खेपेला सरासरी ९ तास यार्डात, फेब्रुवारीत ६ च्या आसपास. पण छाती फुगवू नका. फेब्रुवारीत ऊसही कमी झाला होता. यातलं किती माझ्या दीडशे ओळींचं आणि किती संपत आलेल्या उसाचं, हे एका हंगामावरून सांगणारा माणूस खोटं बोलतोय असं समजा. पुढच्या हंगामात नोव्हेंबरचा नोव्हेंबरशी ताडून बघणार आहे.

शेतीखातं_निवृत्त

'पहिला नंबर तुमचा' ही युक्ती आम्हाला सुचायला हवी होती.

ट्रॉलीवाला_पोरगा

दादा, काकास्नी ईचारा, आमच्या यार्डात कवा येताय टेबल घिऊन.

कृष्णाकाठ

😀 विचारतो. हंगाम संपत आलाय, पण काका आत्ताही यार्डातच आहेत. शेवटच्या खेपांतली एक. आत्ताच फोन आला, पुढं ४१ गाड्या, तासाला दहाच्या हिशेबानं "चार तास, जेवाय येतोय, काकूला सांग." सांगितलं. काकूनं भाकरीचं पीठ काढलंय. कळवतो.

कृष्णाकाठ

पाच तास वीस मिनिटं. रिकाम्या काट्यावर प्रिंटरचा कागद संपला होता आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडं तो ८ च्या पाळीला घरी गेला होता. भाकरी गार झाली. हे मॉडेलात घालतो.